रोगाची चाहूल आणि यंत्राचा तर्क

मृगाचा पाऊस पडून गेला, माळावर कोवळे गवत उगवले आणि डबक्यांतून गढूळ पाणी साचले, की दख्खनच्या पठारावरील गुरांत घटसर्पाचा काळ सुरू होतो. सकाळी चरून आलेली म्हैस सायंकाळी चारा सोडते. तिला सडकून ताप चढतो, गळ्याखाली सूज येते, श्वास घेताना घरघर ऐकू येते आणि पुष्कळदा एका दिवसाच्या आत ती दगावते. पहिले जनावर मेल्यानंतर पशुवैद्यास बोलावणे जाते. तो येऊन उरलेल्या जनावरांना लस टोचतो. परंतु लसीमुळे शरीरात प्रतिकारशक्ती निर्माण होण्यास दोन ते तीन आठवडे लागतात, आणि घटसर्पाचे जंतू तेवढे दिवस थांबत नाहीत. म्हणजे लस टोचण्याची खरी वेळ ही गोठ्यात रोगाचे एकही चिन्ह दिसत नसते तीच होय.

ही गोष्ट बोलण्यास सोपी आहे. परंतु २०१९ सालच्या पशुगणनेनुसार भारतातील पशुधन सुमारे ५३ कोटी ५८ लक्ष इतके आहे. प्रत्येक जनावराला प्रत्येक रोगाची लस, प्रत्येक गावी, योग्य त्या महिन्यात टोचणे हे कोणत्याही पशुसंवर्धन खात्याच्या आवाक्याबाहेरचे काम आहे. लस मोजकी, ती थंड ठेवण्याची सोय मोजकी आणि टोचणारे हातही मोजकेच. तेव्हा यंदा कोणत्या जिल्ह्यात कोणता रोग उद्भवण्याचा संभव अधिक आहे, हे कोणीतरी पावसाआधी सांगितले पाहिजे. पंचांग पाहून ते सांगता येत नाही. ते तर्काने सांगावे लागते, आणि तो तर्क आता बऱ्याच अंशी यंत्राकडून करवून घेतला जातो.

हे काम चालते ते ठिकाण बंगळूरच्या उत्तरेस येलहंका येथे आहे. ज्या केंपेगौडाने बंगळूर वसविले, त्याच्या घराण्याचे हे मूळ ठाणे. येथील रामगोंडनहळ्ळी ह्या भागात भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची राष्ट्रीय पशुवैद्यकीय साथरोगशास्त्र व रोगमाहिती संस्था आहे. तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘निवेदी’ असे म्हणतात. निवेदन करणे हेच तिचे काम असल्यामुळे मराठी वाचकास हे नाव लक्षात ठेवणे कठीण जाऊ नये. १९८७ साली पशुरोगांवर देखरेख ठेवण्यासाठी जो अखिल भारतीय प्रकल्प सुरू झाला, त्यास २००० साली संचालनालयाचे आणि २०१३ साली संस्थेचे रूप मिळाले. तिने उभारलेल्या यंत्रणेचे नाव ‘राष्ट्रीय पशुरोग संदर्भ तज्ज्ञ प्रणाली’ असे आहे. ह्या नावातील ‘तज्ज्ञ प्रणाली’ हा शब्दप्रयोग मोठा अर्थपूर्ण आहे, आणि त्याचा इतिहास पशुवैद्यकात नव्हे, तर माणसांच्या वैद्यकात सापडतो.

वैद्य विचार कसा करतो

एखादा अनुभवी पशुवैद्य मेलेल्या बैलापाशी उभा राहून काय विचार करतो ते पाहू. बैल अचानक मेला आहे. नाकातोंडातून व गुदद्वारातून काळसर रक्त आले असून ते गोठलेले नाही. पोट फुगले आहे आणि अंग ताठलेले नाही. ही चिन्हे एकत्र दिसताच त्याच्या मनात अँथ्रॅक्सचा, म्हणजे खेड्यापाड्यांत ज्याला फाशी म्हणतात त्या रोगाचा संशय येतो, आणि तो पहिली आज्ञा देतो ती ही, की प्रेत फाडू नका. कारण प्रेत उघडले, की हवेच्या संपर्काने त्यातील जंतूंभोवती टणक कवच तयार होते, आणि असे कवचबद्ध जंतू मातीत कित्येक दशके जिवंत राहून पुढच्या गुरांस व माणसांसही बाधतात. कानाच्या शिरेतून रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर घेऊन तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे एवढेच पुढचे पाऊल असते.

ह्याच्या उलट, दोन वर्षांच्या आतील धष्टपुष्ट गोऱ्हा लंगडत असेल, त्याच्या मांडीवर सूज असेल आणि ती दाबली असता आत चरचर असा आवाज येत असेल, तर फऱ्याचा संशय घ्यावयाचा. सूज गळ्याशी असेल आणि घरघर ऐकू येत असेल, तर घटसर्पाचा. ‘अमुक असेल तर तमुक’ अशा शेकडो नियमांचा साठा वैद्याच्या मनात असतो. त्याने तो कधी लिहून काढलेला नसतो. किंबहुना विचारले तरी तो सगळा सांगता येतोच असे नाही.

हा साठा कागदावर उतरविता येईल काय, हा प्रश्न १९५९ साली रॉबर्ट लेडली व ली लस्टेड ह्या दोन अमेरिकी संशोधकांनी ‘सायन्स’ ह्या साप्ताहिकातील एका लेखात हाती घेतला. रोगनिदान हे तर्कशास्त्र, संभाव्यतेचे गणित आणि मूल्यविचार ह्या तिहींचे मिश्रण आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. ह्यांतील तिसऱ्या घटकाकडे पुढे पुष्कळांनी दुर्लक्ष केले. आपण त्याकडे पुन्हा येऊ.

१९७० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात एडवर्ड शॉर्टलिफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मायसिन’ नावाची प्रणाली रचली. रक्तात शिरलेल्या जंतूंचा व मेंदूच्या आवरणाच्या दाहाचा विचार करून कोणते प्रतिजैविक द्यावे, हे ती सांगत असे. तीत सुमारे सहाशेपर्यंत नियम घातले होते. ती आधी एखादा निष्कर्ष धरून चाले आणि तो सिद्ध होण्यास काय माहीत असावे लागेल हे मागे मागे जात शोधी; जे माहीत नसेल ते डॉक्टरास विचारी. प्रत्येक नियमाला खात्रीचा एक आकडा जोडलेला असे. समजा, एका चिन्हावरून रोगाची खात्री ०.६ इतकी वाटते आणि दुसऱ्या स्वतंत्र चिन्हावरून ०.५. ह्या दोहोंची सरळ बेरीज १.१ होते, आणि पूर्ण खात्री म्हणजे १ असल्यामुळे हे उत्तर निरर्थक ठरते. म्हणून मायसिन पहिल्या चिन्हानंतर जी शंका उरते, म्हणजे ०.४, तिचा निम्मा भाग दुसऱ्या चिन्हाने दूर झाला असे मानी, म्हणजे ०.६ मध्ये ०.२ मिळवून ०.८. खात्री वाढते, पण एकाच्या पुढे कधी जात नाही.

मायसिनचा सर्वांत मोठा गुण मात्र आकडेमोडीत नव्हता. डॉक्टराने ‘का?’ असे विचारले, तर कोणत्या नियमामुळे आपण हा प्रश्न विचारला हे ती सांगत असे. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षेत दहा रुग्णांसाठी तिने सुचविलेले उपचार आणि विद्यापीठातील तज्ज्ञांचे उपचार, कोणते कोणाचे हे न कळविता, आठ बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासून घेतले गेले. मायसिनच्या सूचना शेकडा ६५ वेळा मान्य ठरल्या. विद्यापीठाच्या कोणाही तज्ज्ञास ६२.५ च्या वर जाता आले नाही. एवढे असूनही ती रुग्णालयांत नित्याच्या वापरात कधीच आली नाही. प्रत्येक रुग्णाची माहिती तिला हाताने पुरवावी लागे, ते काम वेळखाऊ होते, आणि चूक झाल्यास जबाबदार कोण, ह्या प्रश्नाचेही उत्तर तिच्यापाशी नव्हते.

नियमांऐवजी नोंदी

त्याच सुमारास इंग्लंडमधील लीड्स येथे दुसऱ्या वाटेने प्रयत्न चालू होता. एफ. टी. द डोंबाल ह्या शल्यवैद्याने नियम लिहिलेच नाहीत. पोटात एकाएकी कळ येऊन आलेल्या रुग्णांच्या नोंदी त्याने जमविल्या आणि कोणत्या रोगात कोणते लक्षण किती वेळा दिसले होते, ह्याचे प्रमाण संगणकास दिले. १९७२ साली ३०४ रुग्णांवर जी तुलना प्रसिद्ध झाली तीत संगणकाचे निदान शेकडा ९१.८ वेळा बरोबर ठरले. सर्वांत ज्येष्ठ डॉक्टराचे ७९.६ वेळा. तथापि हीच पद्धत जेव्हा दुसऱ्या देशातील रुग्णालयात नेली, तेव्हा तिचे यश बरेच घटले. गणित तेच होते. परंतु ज्या नोंदींवर ते उभे होते त्या लीड्सच्या होत्या. ज्यास ह्या विषयाचा अभ्यास करावयाचा आहे त्याने ही घटना मनात पक्की धरावी. येलहंका येथील प्रणालीची सगळी ताकद आणि सगळी दुर्बलता हिच्यात आहे.

कारण तिच्या नावात ‘तज्ज्ञ’ हा जुना शब्द राहिला असला, तरी तिची रीत लीड्सची आहे. देशातील निरनिराळ्या राज्यांतून पशुरोगांच्या साथींच्या नोंदी येलहंका येथे येतात. पूर्वी कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या महिन्यात, कोणता रोग उद्भवला हे त्यांवरून कळते. त्यांच्या जोडीस त्या त्या काळचा पाऊस, तापमान, आर्द्रता व वाऱ्याचा वेग, उपग्रहांनी टिपलेली जमिनीची हिरवाई व तिचे तापमान, आणि पशुगणनेतील जनावरांची दाटी हे आकडे ठेवले जातात. मग संगणकाला असे विचारले जाते, की ज्या जिल्हा-महिन्यांत रोग झाला आणि ज्यांत झाला नाही, त्यांत फरक तो कोणता?

हा फरक शोधण्याच्या पद्धती अनेक आहेत. त्यांतील एकीचे नाव मोठे मजेदार आहे. तिला ‘यादृच्छिक वन’ असे म्हणतात. प्रथम एक झाड कल्पावे. त्याच्या बुंध्याशी प्रश्न आहे : गेल्या महिन्यात पाऊस अमुक मिलिमीटरहून अधिक झाला काय? होय असेल तर एका फांदीने जावे, नसेल तर दुसरीने. पुढच्या फाट्यावर तापमानाचा प्रश्न, त्यापुढे मेंढ्यांच्या संख्येचा. आणि शेवटच्या पानावर उत्तर : रोग संभवतो अथवा संभवत नाही. असे एकच झाड फसवे असते. म्हणून नोंदींतील निरनिराळे भाग उचलून शेकडो झाडे वाढवितात आणि सर्वांचे मत घेतात. शंभरांपैकी सत्तर झाडांनी ‘संभवतो’ म्हटले, तर धोका ०.७ धरावयाचा. गावच्या पंचायतीत प्रत्येक पंचाने प्रकरणाची थोडीथोडी कागदपत्रे वाचली असावीत आणि निकाल बहुमताने लागावा, तसाच हा प्रकार. मात्र ह्या पंचायतीस ‘का?’ असे विचारले, तर मायसिनसारखे सरळ उत्तर मिळत नाही. शेकडो झाडांच्या हजारो फांद्या हेच तिचे उत्तर. अचूकपणा वाढविण्यासाठी आपण स्पष्टीकरण गमाविले, हा सौदा नीट ओळखून केला पाहिजे.

ह्या रीतीने घटसर्प, फऱ्या, अँथ्रॅक्स, लाळ-खुरकूत, आंत्रविषार, नीलजिव्हा, मेंढ्या-शेळ्यांची देवी, सर्रा इत्यादी तेरा रोगांचे अंदाज दोन महिने आगाऊ काढले जाऊ लागले, आणि पुढे ह्या यादीत भर पडली. प्रत्येक जिल्ह्यास ‘धोका नाही’ येथपासून ‘अत्यधिक धोका’ येथपर्यंतच्या सहा पायऱ्यांपैकी एक पायरी मिळते, आणि हे मासिक पत्रक राज्यांच्या पशुसंवर्धन खात्यांकडे जाते. दोन महिन्यांची ही मुदत सोयीची आहे. लस मागविणे, ती तालुक्यास पोचविणे, टोचणे आणि नंतरचे दोन-तीन आठवडे वाट पाहणे, एवढे सगळे तीत बसते. नीलजिव्हेसारख्या रोगात तर हवामानाचा संबंध उघडच आहे. हा रोग बारीक चिलटांमार्फत मेंढ्यांत पसरतो, चिलटे ओल्या चिखलात वाढतात, आणि त्यामुळे पावसाळा व त्यानंतरचे महिने दक्षिणेतील मेंढपाळांस जड जातात.

खरा ठरलेला अंदाज कोणता

आता मूल्यविचाराकडे वळू. समजण्यासाठी काही कल्पित आकडे घेऊ. एखाद्या प्रदेशात एक हजार पशुवैद्यकीय केंद्रे आहेत आणि एका महिन्यात त्यांपैकी वीस केंद्रांच्या हद्दीत घटसर्प उद्भवणार आहे. प्रणाली चांगली आहे. ती ह्या वीसांपैकी सोळा ठिकाणी आगाऊ इशारा देते. उरलेल्या ९८० केंद्रांपैकी शेकडा दहा ठिकाणी, म्हणजे ९८ ठिकाणी, ती विनाकारण इशारा देते. एकूण इशारे ११४ आणि खरे ठरणारे १६. म्हणजे जवळजवळ सातांपैकी सहा इशारे फुकट जाणार! असे तीन पावसाळे गेले, की ‘बंगळूरचे पत्रक खोटे असते’ असे पशुपालक म्हणू लागले तर त्यांस दोष देता येणार नाही.

तरी ती प्रणाली टाकाऊ ठरते काय? हजार केंद्रांऐवजी ११४ केंद्रांत लस पोचविली, तर वीसांतील सोळा साथी हाती लागतात. घटसर्पाच्या लसीच्या एका मात्रेस काही रुपये पडतात. दुभती म्हैस विकत घेण्यास कित्येक हजार रुपये लागतात, आणि अल्पभूधारकाच्या घरी ती म्हैस म्हणजे मुलांचे दूध व आठवड्याचा बाजार असतो. सहा वेळा व्यर्थ टोचलेल्या लसीचा खर्च आणि सातव्या वेळी वाचलेले गोठे ह्यांची तुलना केली असता पारडे कोणीकडे झुकते हे सांगावयास नको. परंतु हे मूल्य यंत्र ठरवीत नाही. जेथे रोगाची शंका येताच जनावरांचा बाजार बंद करावा लागतो, तेथे खोट्या इशाऱ्याची किंमत फार मोठी होते, आणि तोच ०.७ चा आकडा वेगळा निर्णय मागतो.

ह्याहून चमत्कारिक अडचण दुसरीच आहे. इशारा मिळाला, लस टोचली गेली, आणि रोग आला नाही. मग अंदाज चुकला असे म्हणावयाचे, की सफल झाला असे? वेधशाळेने पाऊस सांगितला म्हणून छत्र्या उघडल्या, तर पाऊस थांबत नाही. रोगाचा अंदाज मात्र ऐकला गेला तर स्वतःलाच खोटा पाडतो. म्हणून अशा अंदाजाची परीक्षा करताना कोणत्या गावी लस पोचली होती ह्याचीही नोंद लागते. ती नसेल, तर यंत्र पुढच्या वर्षी असे शिकते, की एवढा पाऊस पडूनही ह्या जिल्ह्यात घटसर्प होत नाही.

आणि यंत्राचे शिकणे हे सर्वस्वी नोंदींवर अवलंबून आहे. दोन शेजारचे जिल्हे घ्या. एकात पशुधन विकास अधिकारी दक्ष आहे, प्रत्येक संशयित मृत्यूचा रक्तनमुना तपासला जातो आणि वरती कळविला जातो. दुसऱ्यात अर्धी पदे रिकामी आहेत. मेलेले जनावर ओढ्याकाठी टाकले जाते आणि कागदावर काहीच उमटत नाही. यंत्राच्या दृष्टीने पहिला जिल्हा रोगट आणि दुसरा निरोगी! ‘रोग नाही’ आणि ‘नोंद नाही’ ह्या दोन गोष्टी कागदावर सारख्याच दिसतात. २००९ च्या कायद्याने ठराविक सांसर्गिक पशुरोगांची खबर देणे हे मालकाचे कर्तव्य ठरविले आहे. परंतु खबर दिल्यास जनावर विकता येणार नाही, दूध कोणी घेणार नाही, अशी भीती असते आणि ती अनाठायी नसते. मला वाटते, ह्या विषयात जो पैसा नव्या नव्या गणिती पद्धतींवर खर्च होतो, त्याचा काही भाग रिकामी पदे भरण्यावर आणि काचपट्ट्यांवर खर्च झाला, तर अंदाज अधिक सुधारतील. निदान रक्ताची काचपट्टी खोटे बोलत नाही.

यादीत नसलेला रोग

ज्याची एकही पूर्वनोंद नाही अशा रोगापुढे नोंदींवर चालणारा तर्क थबकतो. पण ह्यात यंत्रच तेवढे दोषी आहे असे नव्हे. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूर जंगलाच्या परिसरात, माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसांना तीव्र ताप येऊ लागला. माकडे व माणसे एकाच वेळी आजारी पडतात असा प्रसिद्ध रोग म्हणजे पीतज्वर. आणि आशियात कधी न आढळलेला पीतज्वर भारतात शिरला की काय, अशी मोठी धास्ती वैद्यांस वाटली. नियमाप्रमाणे पाहता तो तर्क अगदी योग्य होता. परंतु पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी नमुने तपासले तेव्हा विषाणू निराळाच निघाला. तो गोचिडांमार्फत पसरणारा होता आणि त्याचे जवळचे नाते रशियाच्या जंगलांतील विषाणूंशी होते. त्यास क्यासनूर जंगलाचेच नाव मिळाले. हाच रोग २०१५ साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग भागात येऊन पोचला; तेथील लोक त्याला माकडताप म्हणतात. आता मात्र नियम तयार आहे : काजूच्या बागेत वा रानात माकड मेलेले आढळले, तर त्यास हात न लावता ताबडतोब आरोग्यखात्यास कळवावे. हा नियम यंत्रास शिकविता येतो, कारण तो माणसांनी आधी शिकला आहे.

गुरांच्या बाबतीत असाच प्रसंग २०१९ साली ओडिशात आला. गाईंच्या अंगावर गाठी उठू लागल्या. देशाच्या नोंदींत त्या रोगाचे नावही नव्हते. भोपाळ येथील उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेने तो लम्पी चर्मरोग असल्याचे पक्के केले. पुढील तीन वर्षांत तो देशभर पसरला आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुक्यात दिसून येऊन तेथून महाराष्ट्रभर मोठी साथ उसळली. त्या वेळी ह्या रोगाची स्वतंत्र लस हाताशी नव्हती. परंतु लम्पीचा विषाणू शेळ्यांच्या देवीच्या विषाणूचा निकटचा नातलग आहे. एकाविरुद्ध तयार झालेली प्रतिकारशक्ती दुसऱ्याविरुद्धही काही प्रमाणात उपयोगी पडते. ह्या नात्याच्या आधारे शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचण्यात आली, आणि जनावरांचे बाजार व वाहतूक बंद ठेवून गावोगावी गोठ्यांत कीटकनाशकांची फवारणी करण्यात आली, कारण चावणाऱ्या माश्या, डास व गोचीड ह्यांच्यामार्फत हा विषाणू एका जनावराकडून दुसऱ्याकडे जातो.